झेनचा टेंपरेचर काटा वर-खाली: कामाच्या नोंदी

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

गाडी मारुती झेन, १९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी. बाबांनी शोरूममधून नवी आणलेली, आता मी चालवते. नाशिकमध्ये म्हसरूळहून अंबड एमआयडीसीत कामाला जाणं-येणं आणि सुट्टीच्या दिवशी बाजार, एवढाच तिचा वापर.

तक्रार अशी की टेंपरेचरचा काटा एका जागी थांबत नाही. कधी निम्म्यावर, कधी पाऊण, तर कधी चालत्या गाडीत थेट सीच्या (म्हणजे थंडच्या) रेषेजवळ. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलून घेतला होता, फरक पडला नाही. परवा दुसऱ्या मिस्त्रींना दाखवली. बॉनेट उघडून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि ते म्हणाले, "ताई, हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवून फेसिंग करावं लागेल." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग. फेसिंग म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं.) खर्च साडेआठ ते नऊ हजार. कशावरून गेलंय, असं विचारलं तर "काटा हलतोय ना" एवढंच उत्तर मिळालं.

एवढ्यावर हेड उतरवायला माझी तयारी नाही. कंपनीत माझं काम मेंटेनन्सचं आहे. तिथे एखादा गेज नाचायला लागला की पहिला प्रश्न असतो, प्रोसेस हलतेय की गेज? इथेही तिथूनच सुरुवात करणार आहे. नोंदी अशासाठी ठेवतेय की जुन्या मारुती, सँट्रो, इंडिका वापरणारे पुष्कळ जण याच फेऱ्यात अडकलेले मी पाहिलेत. सेन्सर बदला, पंखा बदला, रेडिएटर बदला, आणि काटा तिथेच.

५ एप्रिल

आठवडाभर पान्याला हात लावला नाही, फक्त लिहीत गेले. डॅशबोर्डवर छोटी वही ठेवली आणि काटा हलला की गाडी बाजूला घेऊन वेळ, वेग, रस्ता, काय काय चालू होतं, ते टिपलं.

त्यातून हाती लागलं ते असं. पंचवटीकडून अंबडला जाताना के. के. वाघ कॉलेजपासून गरवारे पॉइंटपर्यंत उड्डाणपूल आहे. पुलावरून गेलं की गाडी न थांबता साठच्या वेगाने पळते, आणि अशा वेळी काटा खाली खाली येत सीच्या जवळ जातो. तोच प्रवास पुलाखालून, द्वारका चौकाच्या गर्दीतून केला की काटा पाऊणपर्यंत चढतो, पंखा सुरू होतो, मग उतरतो. गाडी तीच, अंतर जवळपास तेच, फरक फक्त रेडिएटरवर लागणाऱ्या हवेचा. ही हालचाल सावकाश होते, तीन-चार मिनिटं घेते.

दुसरी हालचाल वेगळीच आहे. सेकंड शिफ्ट संपवून रात्री परत येताना हेडलाइट लावला की काटा त्याच क्षणी वर उडी मारतो, साधारण काट्याच्या दोन जाड्यांइतकी. ब्लोअर लावला की आणखी थोडा वर. बंद केलं की खाली. चार-पाच लिटर पाणी एका सेकंदात गरम होत नाही, म्हणजे ही उडी विजेची आहे.

तिसरी हालचाल खड्ड्यावरची. मखमलाबाद रोडला जिथे रस्ता उखडलाय तिथे काटा थरथरतो आणि मधूनच खाली पडतो.

पेट्रोलचा काटा या तिन्ही वेळी जागचा हलत नाही, हेही लिहून ठेवलंय. दोन्ही काटे एकदम हलले असते तर मी आधी मीटर कन्सोलचा सप्लाय आणि त्याचं अर्थिंग पाहिलं असतं.

६ एप्रिल, रामनवमी

सुट्टी. ऑनलाइन मागवलेली इन्फ्रारेड थर्मामीटर गन आली, ९५० रुपये. घरात मल्टिमीटर होताच.

गन वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खोटं माप देते, फार कमी दाखवते, कारण चकाकणारा धातू उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिनमधून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घरावर थेट गन धरली तेव्हा ५१ अंश आले, आणि हात तर लावू देत नव्हतं. मग गाडी थंड झाल्यावर तिथे रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका सायलेन्सरला मारायच्या काळ्या रंगाने रंगवला. वाळल्यावर त्याच ठिकाणी, गाडी तितकीच तापवून, ८४ आले. तेव्हापासून सगळी मापं त्याच काळ्या ठिपक्यावर घेतेय. बाहेरून घेतलेलं माप आतल्या पाण्यापेक्षा चार-पाच अंश कमीच असणार, ते धरून चालायचं.

आधी गॅस्केटचा संशय फेडून घेतला. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी चालू केली आणि पाण्याकडे पाहत बसले. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले ते अडकलेल्या हवेचे, मग पाणी शांत. गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय नाही, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर नाही. थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा टणक होतो का, तेही पाहिलं. होत नाही. हेड उतरवायचं कारण मला एकही दिसलं नाही.

(झाकण काढायचं ते रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीचंच. गरम रेडिएटर उघडून हात-तोंड भाजलेली माणसं प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असतात.)

दुपारी रस्त्यावरची मापं. पुलावरून पळवून गरवारे पॉइंटला उतरल्या उतरल्या बाजूला घेतली, ठिपक्यावर ६३ अंश. द्वारकेच्या सिग्नलला अडकून पुढे आल्यावर ९३, पंखा चालू. म्हणजे सावकाश होणारी हालचाल खरी आहे, इंजिनचं तापमानच तीस अंशांनी वर-खाली होतंय. आणि उभ्या गाडीत हेडलाइट लावून काट्याने उडी मारली तेव्हा ठिपका ८८ वर होता, ८८ वरच राहिला. ती उडी खोटी.

एका काट्यात निदान दोन दुखणी आहेत. आजवर एकेक पार्ट बदलून काही निष्पन्न का झालं नाही, ते आता कळतंय. एक बरं केलं तरी दुसरं काटा हलवतच राहणार.

९ एप्रिल

विजेचं दुखणं आधी घेतलं, कारण काटा खरं बोलायला लागल्याशिवाय बाकीचं काम आंधळं.

या गाडीत टेंपरेचरच्या सेन्सरला एकच वायर आहे. दुसरं टोक म्हणजे त्याचे आटे, ते इंजिनला अर्थ होतात. मीटरचं अर्थिंग मात्र बॉडीला आहे. इंजिन आणि बॉडी यांच्यातला जोड कच्चा असेल तर दोघांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि मीटर त्यालाच तापमान समजतो. पेट्रोलच्या टाकीतला सेन्सर बॉडीलाच अर्थ असल्यामुळे तो काटा शांत राहतो.

चाचणी सोपी आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, एक प्रोब इंजिनच्या स्वच्छ खरवडलेल्या बोल्टवर, दुसरा बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. गाडी चालू, हेडलाइट बंद: ०.१४ व्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर चालू: ०.९१. पंखाही सुरू झाला तेव्हा १.१ च्या पुढे. सगळा लोड चालू असताना इथे ०.२ च्या आत हवं. रेझिस्टन्सवर मोजून हा दोष सापडत नाही. गाडी बंद असताना मीटर अर्धा ओहम दाखवतो आणि आपण पुढे जातो. करंट वाहत असतानाच मोजायचं.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून निघणाऱ्या दोन वायरींपैकी बॉडीकडे जाणारीचा लग (टोकाला बसवलेली धातूची कडी) वरून ठीक दिसत होता. आवरण कापून पाहिलं तर आतली तांब्याची तार हिरवी पडून भुगा झालेली, मोजून सात-आठ बारीक तारा शाबूत. द्वारकेजवळच्या दुकानातून १६ स्क्वेअर एमएमची वायर आणि दाबून बसवलेले लग घेतले, १८० रुपये. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वर ग्रीसचा हात फिरवला. त्याच मोजणीत आता ०.०६. हेडलाइट लावला, काटा जागचा हलला नाही.

१२ एप्रिल

खड्ड्यातली थरथर अजून आहे.

सेन्सरची वायर काढून तिचं टोक एका छोट्या १२ व्होल्टच्या पार्किंग बल्बमधून इंजिनला टेकवलं. काटा सावकाश एचकडे (गरमकडे) गेला, वायर सोडली की सीवर आला. मीटर आणि वायर दोन्ही ठीक. (थेट अर्थ करूनही ही चाचणी करतात, पण त्यात मीटरची कॉइल जळायची भीती असते. मधे बल्ब घातला की ती राहत नाही.)

मग सेन्सरची षटकोनी बॉडी आणि इंजिन यांच्यात ओहम मोजले. शून्याजवळ हवेत. माझ्याकडे ९, ते हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकलं की ३०, परत १२. सेन्सर उघडून हातात घेतल्यावर कारण दिसलं. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप, चांगले चार-पाच वेढे. नळाच्या कामात टेप चांगली. पण या सेन्सरचे आटे हीच त्याची दुसरी वायर आहे, तिच्यावर टेप गुंडाळली म्हणजे वायरीवर इन्शुलेशन चढवलं. गेल्या वर्षी नवा सेन्सर बसूनही काटा का सुधारला नाही, त्याचं उत्तर या टेपमध्ये आहे.

टेप पिनेने एकेका आट्यातून काढली. सेन्सर स्वतः चांगला आहे का हे पाहायला पातेल्यात पाणी तापवलं, फक्त टोक बुडेल असा तारेने टांगला, शेजारी काचेचा थर्मामीटर. ५० अंशांना १५६ ओहम, ८० ला ५२, पाणी खळखळ उकळायला लागल्यावर २९. तापमान वाढतं तसा रेझिस्टन्स उतरतो, मधे कुठे अडखळत नाही. सेन्सर उत्तम आहे. जाता जाता, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे इथे पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला उकळतं. स्वयंपाकघरात बसून थर्मामीटर पडताळून पाहायचा असेल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगला थर्मामीटर चुकीचा वाटतो.

सेन्सर नुसता, आटे तांब्याच्या ब्रशने घासून, परत बसवला. गळत नाही. आता बॉडी ते इंजिन ०.३ ओहम, ठोकलं तरी तेवढेच. मखमलाबाद रोडवरून फेरी मारली, थरथर गेली.

आता काटा जे दाखवेल ते खरं.

१३ एप्रिल

खऱ्या दुखण्याकडे. मोकळ्या रस्त्यावर ६३ अंश म्हणजे थर्मोस्टॅट एकतर उघडा अडकलाय किंवा नाहीच. थर्मोस्टॅटचं काम पाणी गार करण्याचं नाही, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं आहे. तो नसला की पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं. हवा लागली की इंजिन गारठतं, गाडी थांबली की तापतं.

रेडिएटरच्या खालचा होज सोडून पाणी बादलीत घेतलं. तांबूस गढूळ, कूलंटचा रंग नावालाही नाही. झेनमध्ये थर्मोस्टॅट इनटेक मॅनिफोल्डच्या टोकाला, वरचा होज जिथे येतो त्या झाकणाखाली असतो. झाकणाला दोन बोल्ट, १२ चा पाना. कालपासून दोन्हींवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, आज हेअर ड्रायरने झाकण तापवलं. एक बोल्ट सुटला. दुसरा पाव फेरा फिरला, मऊ लागला आणि डोकं हातात आलं.

अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट आणि पंचवीस-सव्वीस वर्षं साधं पाणी, तिथे आटे पांढऱ्या क्षाराने जाम झालेले असतात. बोल्ट मऊ लागतोय असं हाताला जाणवलं की जोर लावू नका, आणखी तापवा, पुढे-मागे हलवा. अर्थात मी हे सगळं करत होते तरी तो तुटलाच. त्यामुळे हे काम आठवड्याच्या मध्ये, दुसऱ्या दिवशी गाडी लागणार असताना काढू नका.

झाकण बाजूला झालं. आत थर्मोस्टॅट नव्हता. होता तो फक्त त्याचा बाहेरचा पितळी गोल. मधली स्प्रिंग, व्हॉल्व्ह, मेणाची डबी, सगळं कापून काढलेलं आणि गोल तेवढा पॅकिंग म्हणून ठेवलेला. बाबांना दाखवला. म्हणाले, "आठेक वर्षांपूर्वी शिर्डीहून येताना सिन्नरला गाडी तापली होती. तिथल्या माणसाने काहीतरी काढून टाकलं होतं. आपल्याकडे एवढं ऊन, याची गरजच नाही म्हणाला."

हा समज फार पसरलेला आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ऊन चाळीस अंशांचं असतं, इंजिनला चालायला ऐंशी-नव्वद लागतात. गारठलेल्या इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, ऑइल जाड राहतं, सिलिंडर झिजतो. बाबा गेली कित्येक वर्षं अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून कार्ब्युरेटर ट्यून करून घेत होते. दर वेळी तीन-चारशे रुपये. कार्ब्युरेटरचा त्यात काही दोष नव्हता.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी, वर्कशॉप बंद. आज संध्याकाळी सातपूरच्या एका वेल्डरला घरी बोलावलं. बोल्टचा तुकडा पृष्ठभागाच्या किंचित वर होता म्हणून निभावलं. त्यावर नट ठेवून मधून वेल्ड भरला, लाल असतानाच पाण्याचा शिपका दिला आणि पान्याने सावकाश फिरवला. दुसऱ्या प्रयत्नात कुईं असा आवाज करत बाहेर आला. ४०० रुपये. बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढून ठेवल्या होत्या, कार्ब्युरेटरजवळ ओलं पोतं. पेट्रोलचा पाइप काढून टोक बंद केल्याशिवाय त्याला वेल्डिंग सुरू करू दिलं नाही.

आटे ८ एमएमच्या टॅपने साफ केले. नवे बोल्ट स्टीलचेच, पण आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावून बसवणार.

१७ एप्रिल

थर्मोस्टॅट आणला, ३६० रुपये, ८२ अंशांचा. आकडा त्याच्या कडेवर कोरलेला असतो. बसवण्याआधी पातेल्यात टाकून पाहा, हे मी कितीही वेळा सांगेन. नवा म्हणून चांगला असं धरून बसवला आणि तो खराब निघाला, तर कूलंट परत सांडा, पॅकिंग परत आणा.

दुकानदाराने दिलेला पहिला नग खिडकीच्या उजेडात धरला तेव्हाच कडेने चंद्रकोरीसारखी फट दिसली. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. बदलून आणला. दुसऱ्या नगाच्या व्हॉल्व्हमध्ये दोरा अडकवला आणि दोऱ्याने तो पाण्यात टांगला. गॅस मंद. थर्मामीटर ८१ आणि ८२ च्या मध्ये असताना दोरा सुटला, नग तळाला गेला. उकळीच्या आसपास व्हॉल्व्ह आठेक एमएम उघडलेला. गॅस बंद केल्यावर ७७ ला पुन्हा घट्ट मिटला. दोऱ्याची ही युक्ती कंपनीतल्या एका जुन्या फिटर काकांनी शिकवली. व्हॉल्व्ह कधी उघडला ते वाफेत डोळे ताणून पाहावं लागत नाही, दोराच सांगतो.

२० एप्रिल

सगळं जोडायचा दिवस.

आधी नळी लावून रेडिएटर उलटा धुतला, खालच्या होजकडून पाणी आत, वरून बाहेर. पहिली काही मिनिटं गंजाचा चिखल आला, मग पांढरी खपली. ती बोअरच्या पाण्याची. आमच्या सोसायटीत टाकीत बोअर आणि नळाचं पाणी एकत्र येतं, आणि गाडीत तेच ओतलं जात होतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच घालू नये. घाईची वेळ आलीच तर पिण्याच्या पाण्याची बाटली बरी.

थर्मोस्टॅट बसवताना त्याच्या कडेवर एक बारीक सैल पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. भरताना अडकलेली हवा तिथूनच निघते. नवं पॅकिंग, दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. होजच्या जुन्या क्लिपा फेकून नव्या घातल्या.

कूलंट निम्मं-निम्मं, कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर. नाशिकला पाणी गोठायचा प्रश्न नाही, पण गंज थांबवायला आणि उकळण्याचा बिंदू वर न्यायला कूलंट हवंच. गाडीचं नाक वर राहावं म्हणून सोसायटीच्या रॅम्पवर लावली. झाकण उघडं ठेवून सावकाश ओतलं, वरचा होज हाताने दाबत राहिले. दर दाबाला डुबुक करून हवा येते आणि पातळी उतरते. मग इंजिन चालू. दहाएक मिनिटांनी वरचा होज, जो तोवर गार होता, चार-पाच सेकंदांत गरम झाला. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरली, झाकण लावलं.

संध्याकाळी पुलावरून गेले. गरवारे पॉइंटला ठिपक्यावर ७९. पुलाखालून परत आले, द्वारकेला ९१ झाल्यावर पंखा लागला आणि ८५ ला आणून बंद झाला. तीस अंशांचा झोका बारावर आला. काटा निम्म्याच्या किंचित खाली, पंख्याच्या वेळी एखादी जाडी हलतो. जुन्या गाड्यांचे मीटर एवढा फरक दाखवणारच, त्यात काही बिघाड नाही. नव्या गाड्यांमध्ये मधल्या मोठ्या पट्ट्यात काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. त्या गाडीचा काटा हलायला लागला तर दुर्लक्ष करू नका, आत फरक बराच मोठा झालेला असतो. ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं सॉकेट) असेल तर स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून कूलंटचं तापमान थेट आकड्यात पाहता येतं.

२३ एप्रिल

काम संपलं नव्हतं. आज कंपनीतून परत येताना काटा पुन्हा पाऊणकडे गेला, दोनदा वर-खाली झाला आणि मग बसला. ठिपका ९७. खरं तापमान.

रात्री काही उघडलं नाही. सकाळी बॉनेट उघडलं आणि पाहिलं तर रेडिएटरचा वरचा होज मधोमध चपटा झालेला, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. रिझर्व्हच्या बाटलीत मात्र कूलंट मॅक्सच्या खुणेच्या वर. झाकण फिरवल्याबरोबर फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि होज पुन्हा गोल झाला. रेडिएटरमध्ये पातळी दोन बोटं खाली.

झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा व्हॉल्व्ह दाब वाढल्यावर कूलंट बाटलीत सोडतो. मधला छोटा, गाडी थंड होताना ते परत आत घेतो. माझ्या झाकणाचा छोटा व्हॉल्व्ह गंजाने चिकटलेला होता, नखाने ओढला तरी हलेना. म्हणजे रोज थोडं कूलंट बाहेर जात होतं, परत येत नव्हतं, आणि त्या जागी हवा साठत होती. हवेचा तो फुगा थर्मोस्टॅटपाशी किंवा सेन्सरपाशी आला की काटा नाचतो. थर्मोस्टॅट नव्हता तेव्हा इंजिन बहुतेक वेळ गारच असल्यामुळे हे दुखणं झाकलं गेलं होतं.

नवं झाकण १७० रुपये, वर ०.९ लिहिलेलं. तोच आकडा असलेलं घ्या. कमी दाबाचं घेतलं तर लवकर उकळेल, जास्तीचं घेतलं तर जुने होज फाटतील. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा नाशिकला ११८ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, यावरून दीड-पावणेदोनशेच्या या झाकणाचं महत्त्व समजावं.

पुन्हा हवा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी होज गोल, बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये.

२७ एप्रिल

घाटाची परीक्षा. सप्तशृंगी गडावरचा चैत्रोत्सव आटोपलाय, खासगी गाड्या पुन्हा वर जाऊ शकतात. बाबांना घेऊन दिंडोरी, वणी, नांदुरी. नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंत साधारण दहा किलोमीटर सलग चढ, वळणं, दुसरा गिअर. अकराची वेळ, ऊन डोक्यावर. तीन माणसं, डिकीत पाण्याचे कॅन.

पायथ्याला काटा निम्म्याच्या किंचित खाली. अर्ध्या चढावर निम्म्याच्या जाडीभर वर. वर पोचल्यावर इंजिन चालूच ठेवून मोजलं: ९२, पंखा फिरतोय, मिनिटाभरात ८६. बाटलीतली पातळी बोटभर चढलेली. होज, क्लिपा, झाकण सगळीकडे टिश्यू पेपर फिरवला, कोरडा.

उतरताना गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग. पूर्वी अशा उतारावर काटा सीला टेकायचा, बाबांनी तो तसा कित्येकदा पाहिलाय. आज खाली नांदुरीत ७८. बाबा सबंध उतार रस्ता सोडून मीटरकडेच पाहत होते. शेवटी म्हणाले, "आता तिला कोणाला हात लावू देऊ नकोस."

४ मे

खर्च: गन ९५०, वायर आणि लग १८०, वेल्डर ४००, थर्मोस्टॅट ३६०, पॅकिंग ४०, झाकण १७०, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ५२०, क्लिपा आणि बोल्ट १३०. एकूण २७५०. गन, वायर आणि अँटी-सीझची ट्यूब (ती कंपनीतल्या सहकाऱ्याने दिली) पुढेही कामाला येतील.

सगळ्यात जास्त वेळ तुटलेल्या बोल्टने खाल्ला. आठवडाभर गाडी उभी, मी स्कूटरवर. हेच काम परत काढायचं झालं तर क्रम बदलेन. रेडिएटरचं झाकण अगदी सुरुवातीला, पाण्याकडे पाहायला उघडलं तेव्हाच, त्याचा छोटा व्हॉल्व्ह नखाने ओढून पाहीन. त्याला पैसे लागत नाहीत आणि नंतरची हवा काढायची दुसरी खेप वाचते.

ज्यांच्या गाडीला हेच होतंय त्यांनी एवढं तरी करावं, की गॅरेजला जाताना काटा नेमका कधी हलतो ते कागदावर लिहून न्यावं. पळताना उतरतो आणि थांबल्यावर चढतो, की लाइट लावल्यावर उडी मारतो, की खड्ड्यात थरथरतो. चांगला मिस्त्री त्या कागदावरून निम्मं काम ओळखतो.

शिल्लक काम: पंखा सुरू होताना हलका खरखरतो, मोटरचे ब्रश झिजले असणार. पावसाळ्याआधी ते पाहणार आहे. कूलंट बदलायची पुढची तारीख, एप्रिल २०२७, बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलीय.